फोर-व्हील गाडी : गिअर हाताचा घ्यावा की ऑटोमॅटिक?



पूर्वी हंगाम संपून उसाचे बिल हातात आले की घरात बैलजोडी, इंजिन किंवा फार तर मोटारसायकल यांची बोलणी व्हायची. आता गाडीची होतात. त्यातही भोर-वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे गुंजवणे, साखर, केळद या बाजूला, तरुण मंडळींचा ओढा ‘फोर बाय फोर’कडे असतो. पोरगा म्हणतो ऑटोमॅटिक घेऊ. वडील म्हणतात, ज्या गाडीला क्लच नाही ती गाडी कसली? वाद दोन दिवस चालतो आणि शेवटी शोरूममधला माणूस जी गाडी तयार असेल ती गळ्यात मारतो.

हा वाद रंगाचा किंवा सीट-कव्हरचा नाही. पंधरा-वीस लाखांची वस्तू आहे. पावसाळ्यात आजारी माणूस घेऊन घाट उतरायची वेळ आली तर त्याच वस्तूवर जीव सोपवायचा आहे. म्हणून या पाठात दोन्ही गिअरबॉक्स आतून कसे चालतात, आपल्या रस्त्यांवर कोणता कुठे उपयोगी पडतो आणि खर्चाचा मेळ कसा घालावा, हे क्रमाने पाहू. निर्णय ज्याने त्याने आपल्या घरी बसून घ्यावा.

१. आधी गरज तपासा

पहिला प्रश्न गिअरचा नाहीच. फोर-व्हील गाडी हवी का, हा आहे.

साध्या गाडीत इंजिनाची ओढ दोनच चाकांना मिळते, पुढच्या किंवा मागच्या. फोर-व्हील गाडीत ती चारही चाकांना देता येते. त्यामुळे दोन चाके चिखलात फिरत राहिली तरी उरलेली दोन गाडी बाहेर काढू शकतात. फायदा एवढाच, आणि तो मोठा आहे. पण लक्षात ठेवा, चारही चाकांची ओढ गाडी पुढे न्यायला मदत करते, थांबवायला नाही. ओल्या डांबरावर ब्रेक दाबला की दोन चाकांची गाडी आणि चार चाकांची गाडी सारखीच घसरते.

ज्याच्या दारापर्यंत पक्का रस्ता आहे, शेतही रस्त्याला लागून आहे आणि गाडी मुख्यतः नसरापूर, भोर, पुणे अशी फिरणार आहे, त्याने फोर-व्हीलचा नाद सोडावा. साध्या गाडीत पैसे वाचतात, डिझेल वाचते आणि टायरही जास्त दिवस चालतात. ज्याचे घर वाडीवर आहे, शेवटचा दोन किलोमीटर मातीचा आहे, ओढा आडवा येतो, किंवा गडाच्या पायथ्याला येणाऱ्या पर्यटकांची ने-आण हा ज्याचा धंदा आहे, त्याने पुढे वाचावे.

२. गिअर कशासाठी असतो?

आपल्या कारखान्यात जे रोज चालते तेच उदाहरण घेऊ. ऊस पिळणारे मिलचे रोलर मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे घेतात. त्यांना फिरवणारी टर्बाइन किंवा मोटर मात्र मिनिटाला शेकडो, हजारो फेरे घेते. मध्ये गिअरबॉक्स असतो. तो वेग कमी करतो आणि त्या बदल्यात जोर वाढवतो. वेग दिला आणि जोर घेतला, असा हा व्यवहार आहे. गिअर फुकट काही देत नाही.

मोटारीचेही तसेच. चढावर जोर हवा, म्हणून पहिला गिअर. हायवेवर वेग हवा, म्हणून पाचवा-सहावा. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असते : हाय-लो लिव्हर. ट्रॉली भरलेली असली, रान ओले असले की तो लो टाकतो. खऱ्या फोर-व्हील गाडीतही असा दुसरा गिअरबॉक्स असतो. त्याला ट्रान्सफर केस म्हणतात. त्यात साधारणपणे तीन जागा असतात : दोन चाकांची ओढ, चार चाकांची ओढ आणि चार चाकांची लो ओढ. ज्या गाडीत ही लो नाही, ती ‘ऑल-व्हील’ नावाने विकली जात असली तरी अवघड चढाला खऱ्या फोर-व्हीलची बरोबरी करणार नाही. खरेदीच्या वेळी हा प्रश्न आवर्जून विचारा.

३. एक छोटे गणित

कागद-पेन्सिल घ्या. समजा गाडीच्या पहिल्या गिअरचे प्रमाण ४ आहे, म्हणजे इंजिनाचे चार फेरे झाले की गिअरबॉक्सचा एक. चाकाजवळच्या डिफरन्शियलचे प्रमाणही ४. दोन्हींचा गुणाकार १६. इंजिन मंद चालीवर मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर चाक ५० फेरे घेईल. मोठ्या टायरचा घेर सुमारे २.४ मीटर धरला तर मिनिटाला १२० मीटर, म्हणजे ताशी सुमारे ७ किलोमीटर. दगडगोट्याच्या वाटेवर हा वेग जास्त आहे. गाडी आदळते, मग आपण क्लच दाबतो, आणि तिथेच घोटाळा सुरू होतो.

आता लो टाका. तिचे प्रमाण २.५ धरू. १६ गुणिले २.५ म्हणजे ४०. चाक मिनिटाला फक्त २० फेरे घेईल. वेग ताशी तीन किलोमीटरच्या आत आला, म्हणजे बैलगाडीची संथ चाल. जोर मात्र अडीचपट झाला. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर काहीही न दाबता गाडी पावलापावलाने चालत राहते. हे गणित ज्याच्या डोक्यात बसले त्याला पुढचे सगळे सोपे जाईल.

४. हाताचा गिअर

हाताच्या गिअरमध्ये इंजिन आणि चाके यांच्यामध्ये लोखंडाला लोखंड असे पक्के नाते असते. ते तोडायचे आणि जोडायचे काम क्लच प्लेट करते. पाय क्लचवरून पूर्ण काढला की इंजिन आणि चाके एकमेकांना घट्ट बांधली जातात. चाके इंजिनाला सोडून पळू शकत नाहीत. उतारावर याचा फार उपयोग होतो.

उणीव अशी की क्लच प्लेट ही घासून झिजणारी वस्तू आहे. चढावर ‘हाफ क्लच’ धरून गाडी रोखून ठेवायची सवय अनेकांना असते. तेवढ्या वेळात प्लेट तापते, करपल्याचा वास येतो आणि हजारो किलोमीटर चालणारी प्लेट एका पावसाळ्यात संपते. दुसरी उणीव : गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते. डांबरावर ते जाणवत नाही. गुडघाभर चिखलात तेवढ्या क्षणात गाडी बसते.

५. ऑटोमॅटिकच्या आत काय असते?

बाजारात ‘ऑटोमॅटिक’ या एकाच नावाखाली निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. चार प्रकार ओळखून ठेवावेत.

(अ) ए.एम.टी. — आत हाताचाच गिअरबॉक्स असतो. क्लच दाबायचे आणि गिअर बदलायचे काम एक यंत्र करते. स्वस्त आहे. लहान गाड्यांत दिसते.

(आ) सी.व्ही.टी. — ठरावीक गिअर नसतात. पट्टा आणि कमी-जास्त होणाऱ्या पुल्या असतात. शहरात सुखाचे, पण सतत भारी ओढीच्या कामासाठी नव्हे.

(इ) दोन क्लचचा — एका क्लचवर एकी गिअर, दुसऱ्यावर बेकी. बदल झटपट होतो. पण चढावर खुरडत चालायची वेळ आली की हे क्लचही तापतात.

(ई) टॉर्क कन्व्हर्टर — खऱ्या फोर-व्हील गाड्यांत बहुधा हाच असतो, म्हणून तो नीट समजून घेऊ.

विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवा. एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. दुसरा हाताने धरून ठेवला तरी पहिला बंद पडत नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी तेल असते. इंजिनाचा पंखा तेल फेकतो, गिअरबॉक्सचा पंखा त्या तेलाच्या माऱ्याने फिरतो. मध्ये तिसरे एक चाक असते, ते परतणारे तेल योग्य दिशेला वळवते. त्यामुळे गाडी हलतानाच्या क्षणी जोर जवळपास दुप्पट होऊ शकतो. इथे घासून झिजणारी क्लच प्लेट नाही, म्हणून चढावर गाडी हलवताना करपल्याचा वास नाही आणि इंजिन बंद पडणेही नाही.

मात्र तेल घुसळले की तापते. रवी फिरवली की ताक कोमट होते, तसेच. जड ट्रॉली ओढली, वाळूत-चिखलात चाके बराच वेळ फिरवली, की गिअरबॉक्सचे तेल भयंकर तापते आणि तापलेले तेल गिअरबॉक्सचे आयुष्य खाते. उपाय एकच, आणि तो तिसऱ्या भागातल्या गणितात आहे : अवघड कामाला वेळेवर लो टाकणे. लोमध्ये पंखा कमी घसरतो, तेल कमी तापते.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० च्या मॉडेलपासून ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर विकायला सुरुवात केली. आपल्याकडे खेड्यापर्यंत यायला त्याला ऐंशी वर्षे लागली.

६. आपल्या रस्त्यांवर कोणता कसा वागतो?

चिखल : भातखाचराच्या कडेची गाडीवाट जुलैत कशी होते हे सांगायला नको. तिथे ओढ अखंड आणि सारखी हवी. या बाबतीत ऑटोमॅटिक सरस, कारण गिअर बदलताना ओढ तुटत नाही आणि झटका बसत नाही. पण ‘डी’ मध्ये ठेवून मोकळे सोडू नये. चाक जागच्या जागी फिरले की गिअरबॉक्सला वाटते गाडी पळते आहे, आणि तो वरचा गिअर टाकतो. म्हणून लिव्हरने पहिला किंवा दुसरा बांधून ठेवावा. रुतलेली गाडी पुढे-मागे झुलवून काढायची असेल तर मात्र हाताचा गिअर सोयीचा. ऑटोमॅटिकमध्ये चाके फिरत असताना पुढचा-मागचा गिअर फटाफट टाकला तर आतली मोडतोड ठरलेली.

चढ : पाबे घाटासारख्या वळणदार चढावर पुढे एस.टी. थांबली तर आपल्यालाही चढावर थांबावे लागते. पुन्हा निघताना हाताच्या गिअरमध्ये हँडब्रेक, क्लच, ॲक्सिलरेटर या तिघांचा मेळ घालावा लागतो. मुरलेल्या माणसाला ते काहीच नाही. नवशिक्याची गाडी मागे घसरते. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेकवरचा पाय ॲक्सिलरेटरवर नेला की झाले.

कच्च्या चढावर हाताच्या गिअरची गाडी अर्ध्यात बंद पडली तर घाबरून गाडी आडवी वळवू नका. आडवी गाडी पलटी खाते. पायाचा ब्रेक घट्ट दाबा, हँडब्रेक ओढा, क्लच दाबून लो रिव्हर्स टाका, इंजिन सुरू करा, क्लच पूर्ण सोडा, मग ब्रेक हळूहळू मोकळे करून सरळ रेषेत मागे उतरा.

उतार : घाटातले अपघात चढताना कमी आणि उतरताना जास्त होतात. ब्रेक सतत दाबून ठेवला की तो तापतो, आणि तापलेला ब्रेक पकडत नाही. म्हणून नियम असा की ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे. हाताचा गिअर या कामात अव्वल. लोचा पहिला गिअर टाकला की गाडी कासऱ्याला बांधलेल्या बैलासारखी चालते. ऑटोमॅटिकमध्येही हे होते, पण ते आपोआप होत नाही. ‘डी’ मध्ये ठेवून घाट उतरणे म्हणजे सगळा भार ब्रेकवर टाकणे. लिव्हरने खालचा गिअर धरावा. पुष्कळ नव्या गाड्यांत उतारावर वेग धरून ठेवणारे बटण असते, तेही वापरावे.

आणखी एक वाईट खोड : डिझेल वाचते म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करणे. आजच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला जाणारे डिझेल जवळजवळ बंदच होते. म्हणजे न्यूट्रलने वाचत काही नाही, आणि आवर मात्र जातो.

पाणी : फरशी पुलावरून पाणी जात असेल तर गाडी कोणतीही असो, गिअर कोणताही असो, थांबावे. दोन फूट खोलीचे वाहते पाणी बहुतेक गाड्या उचलून नेते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी पूलच पुरात गेला आणि त्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्या गेल्या, हे कुणी विसरू नये. पुराच्या पाण्यापुढे चार चाकांची ओढ म्हणजे काडीचा आधार.

संथ, उथळ, तळ दिसणारा ओढा ओलांडायचा असेल तर आधी पायी चालून खोली पाहावी. हाताच्या गिअरमध्ये पाण्यात शिरण्यापूर्वीच लोचा पहिला किंवा दुसरा टाकावा आणि बाहेर पडेपर्यंत क्लचला पाय लावू नये, नाहीतर प्लेटमध्ये पाणी-गाळ शिरतो. ऑटोमॅटिकमध्ये ती धास्ती नाही. पण खोल पाण्यातून गेल्यावर गिअरबॉक्सचे तेल तपासून घ्यावे. ते दुधी दिसले तर आत पाणी गेले आहे, आणि अशी गाडी पुढे चालवू नये.

पुण्याची गर्दी : गुंजवण्याहून मार्गासनी, नसरापूर करीत गाडी सातारा रस्त्याला लागते. तिथून खेड-शिवापूर, कात्रज, मार्केट यार्ड. शेवटच्या टप्प्यात क्लच किती वेळा दाबावा लागतो ते कधी मोजून पाहा. डाव्या गुडघ्याचे दुखणे असलेल्या माणसाला हा प्रवास शिक्षा होते. शनिवार-रविवारी राजगडला येणाऱ्या गाड्यांनी गावातला अरुंद रस्ता भरतो, तेव्हाही तेच. इथे ऑटोमॅटिकला तोड नाही.

७. अडचणीच्या वेळी

पहाटे बॅटरी उतरली. हाताच्या गिअरची गाडी चार माणसांच्या धक्क्याने किंवा उतारावर सोडून बहुतेक वेळा सुरू होते. ऑटोमॅटिक धक्क्याने सुरू होत नाही. म्हणून वाडीवर ऑटोमॅटिक ठेवणाऱ्याने जोडवायरी घरात ठेवल्याच पाहिजेत, आणि बॅटरी म्हातारी होण्याआधी बदलली पाहिजे.

गाडी बंद पडली आणि ट्रॅक्टरने ओढून न्यायची वेळ आली, तर ऑटोमॅटिकला चाके जमिनीवर ठेवून लांब ओढू नये. गिअरबॉक्सला तेल पोहोचत नाही आणि आतले भाग जळतात. गाडीच्या पुस्तकात ओढण्याची रीत दिलेली असते. ते पुस्तक नव्या गाडीबरोबर फुकट मिळते, आणि तेच आपण सर्वांत कमी वाचतो.

दुरुस्तीचे म्हणाल, तर क्लच प्लेट बदलणारा मिस्त्री तालुक्याच्या गावाला मिळतो. ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स उघडायचा म्हणजे गाडी पुण्याला न्यावी लागते. तो सहसा बिघडत नाही, पण बिघडला तर बिल मोठे येते.

आणि हे सर्वांनी ध्यानात ठेवा : ट्रान्सफर केस न्यूट्रलला असेल तर ऑटोमॅटिकचे ‘पी’ गाडी धरून ठेवत नाही, आणि हाताचा गिअर टाकून ठेवला तरी तोही धरत नाही. गाडी उतारावर निघते. म्हणून हँडब्रेक आधी, ‘पी’ किंवा गिअर नंतर, आणि चाकाखाली दगड. दगडाला पैसे पडत नाहीत.

८. खर्च उसाच्या टनात मोजा

रुपयांत सांगितलेला हप्ता लहान वाटतो, म्हणून टनात मोजू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्यक्ष भाव विचारून आपले गणित आपण करावे.

समजा त्याच गाडीच्या ऑटोमॅटिकला दीड लाख रुपये जास्त पडतात आणि ते कर्जातून द्यायचे आहेत. व्याज ९ टक्के, मुदत ५ वर्षे. महिन्याचा जादा हप्ता सुमारे ३,११४ रुपये. पाच वर्षांत भरणा सुमारे १ लाख ८७ हजार. तोडणी-वाहतूक जाऊन टनाला हातात २,८०० रुपये पडले असे धरा, तर हा सुमारे ६७ टन ऊस झाला. म्हणजे बऱ्यापैकी पिकलेल्या दीड एकराचा एक हंगाम फक्त क्लच दाबायला लागू नये म्हणून.

डिझेलचे पाहू. हाताच्या गिअरला लिटरमागे १३ किलोमीटर आणि ऑटोमॅटिकला १२ धरले, वर्षाला १२,००० किलोमीटर धावले, तर ९२३ लिटर आणि १,००० लिटर. फरक ७७ लिटर. लिटरला ९० रुपयांनी वर्षाला सुमारे ६,९०० रुपये.

दुसऱ्या बाजूला क्लच प्लेटचा खर्च मांडा. पायाला हाफ क्लचची सवय असलेली दोन-तीन माणसे एकच गाडी चालवत असतील तर तो खर्च वारंवार येतो. आणि गुडघ्याच्या दुखण्याची किंमत ज्याची त्याने मांडावी.

९. बाजारात काय मिळते?

आपल्या राज्याचा आणि फोर-व्हीलचा संबंध जुना आहे. स्वातंत्र्यानंतर लगेचच्या काळात महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. तिला पुढे जाण्याचे तीनच गिअर होते आणि हाय-लोसाठी वेगळ्या लिव्हर होत्या. १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. तीही अखेरपर्यंत हाताच्या गिअरचीच राहिली. २०१० मध्ये आलेली पहिली थारही तशीच. त्यामुळे फोर-व्हील म्हणजे हाताचा गिअर हे समीकरण आपल्या डोक्यात बसले, त्यात नवल नाही.

बदल २०२० मध्ये झाला. त्या वर्षी २ ऑक्टोबरला विक्रीला आलेल्या, नाशिकला तयार होणाऱ्या नव्या थारमध्ये सहा गिअरचा हाताचा आणि सहा गिअरचा ऑटोमॅटिक, असे दोन्ही पर्याय लोसह मिळू लागले. २०२२ मध्ये चाकणच्या कारखान्यातून आलेल्या स्कॉर्पिओ-एनमध्ये आणि २०२३ मध्ये आलेल्या मारुतीच्या जिमनीमध्येही दोन्ही पर्याय आले. जिमनीचा हाताचा गिअरबॉक्स पाच गिअरचा, ऑटोमॅटिक चार गिअरचा. पुण्यात आकुर्डीला मुख्य कचेरी असलेल्या फोर्स मोटर्सने गुरखा गाडीला २०२४ च्या नव्या रूपातही हाताचा पाच गिअरचाच ठेवला, आणि पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलला कुलूप दिले. म्हणजे बनवणाऱ्यांचेही एकमत नाही. हेच सांगते की सरसकट चांगला किंवा वाईट गिअर नसतो, काम पाहावे लागते.

१०. मग निवड कशी करावी?

तीन घरे डोळ्यांसमोर आणा.

पहिले घर वाडीवरचे. गाडी दोन मुरलेली माणसे चालवतात. खत-बियाणे, भाताची पोती, कधी बंद पडलेली ट्रॉली ओढणे. पुण्याला महिन्यातून एखादी फेरी. गॅरेज लांब. या घराने हाताचा गिअर घ्यावा. पैसे वाचतील, धक्का स्टार्ट होईल, मिस्त्री जवळ मिळेल.

दुसरे घर असे की मुलगा-सून पुण्यात नोकरीला, आई-वडील गावाला. आठवड्याला फेरी. गाडी सून चालवते, मुलगा चालवतो, आणि गुडघे दुखत असूनही वडील चालवतात. कच्चा रस्ता शेवटचे दोन किलोमीटर. या घराला ऑटोमॅटिक शोभेल. रात्री-अपरात्री वडिलांना छातीत दुखू लागले तर स्टिअरिंगवर कोण बसणार, हा प्रश्न इथे निर्णायक आहे. घरातल्या जास्तीत जास्त माणसांना जी गाडी न घाबरता चालवता येते, तीच त्या घराची सुरक्षित गाडी.

तिसरे घर पर्यटकांची ने-आण करणाऱ्याचे. गाडी रोज चालते आणि चालक बदलतात. चालक पगारी आणि बदलते असतील तर ऑटोमॅटिकने क्लचचा खर्च टळतो, पण एकदा गाडी पुण्याला दुरुस्तीला गेली की तितके दिवस धंदा बंद. स्वतः चालवणाऱ्याने हाताचा घ्यावा, चालकांवर सोपवणाऱ्याने ऑटोमॅटिकचा विचार करावा. आणि दोघांनीही एक पाळावे. गुंजवण्यापुढे गडाची वाट पायांची आहे. चोर दरवाजाला ना लो लागते ना हाय. लोकांच्या खाचरांतून आणि गडाच्या उतारावरून गाडी घालणे हा पराक्रम नव्हे.

११. घेण्यापूर्वी

नवी घेताना ट्रायल सपाट डांबरावर घेऊन भागत नाही. चढ मागा. चढावर थांबवून पुन्हा हलवा. उतारावर खालचा गिअर धरून पाहा. लो टाकून दाखवायला सांगा. आणि जो माणूस गाडी सर्वांत जास्त चालवणार आहे, त्यालाच ट्रायलला बसवा.

जुनी घेताना हाताच्या गिअरमध्ये क्लच घसरतो का, उतारावर गिअर आपोआप निसटतो का, हे पाहा. ऑटोमॅटिकमध्ये न्यूट्रलमधून ‘डी’ टाकल्यावर गाडी लगेच पकडते की थांबून धक्का देते, ते पाहा. तेलाला करपट वास असेल तर सौदा सोडा. दोन्हींत लो प्रत्यक्ष टाकून पाहा. कित्येक गाड्यांत ती वर्षानुवर्षे वापरलेली नसते आणि अडकून बसते.

घेतल्यावर महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर थोडे अंतर फोर-व्हील आणि लो चालवावी. गाडी थांबवून आणि गिअर न्यूट्रल करूनच लो टाकावी. पण कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून वळणे घेऊ नयेत. पुढची आणि मागची चाके वळणावर सारखे अंतर कापत नाहीत, आणि तो ताण मधल्या गिअरांवर येतो.

थोडक्यात

(१) आधी फोर-व्हीलची गरज, मग गिअरचा विचार.
(२) लो नसलेली गाडी अवघड रस्त्यासाठी घेऊ नये.
(३) लांबचे गॅरेज, जड काम, मुरलेला चालक असेल तर हाताचा.
(४) शहराची फेरी, अनेक चालक, दुखरे गुडघे असतील तर टॉर्क कन्व्हर्टरचा ऑटोमॅटिक.
(५) गिअर कोणताही असो, घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा आणि पुराच्या पाण्यात शिरू नये.
(६) फरकाची रक्कम उसाच्या टनात मोजून मगच सही करावी.

सही करण्यापूर्वी हा कागद घरातल्या सर्वांसमोर वाचावा. गाडी एकाच्या नावावर असते, पण तीत बसतात सगळेच.